गोण्या गेल्या, जमीन राहिली

संपादकांनी यंदा ‘जमीन’ हा विषय दिला आणि सोबत एक प्रश्न जोडला. कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, विष मातीत राहतं. ती माती साफ करायचे पैसे कुणी द्यायचे? आपल्या देशात या प्रश्नाला अलीकडे एक मोठं उत्तर मिळालं, ते भोपाळला. केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये दिले. युनियन कार्बाइडच्या आवारात गोण्यांत भरून ठेवलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेला आणि ३० जून २०२५पर्यंत तो जाळून संपवला. बातम्या वाचून भोपाळचं प्रकरण मिटलं, असं कुणालाही वाटावं. पावसाळा सरता सरता मी तिकडे गेले, ते हे मिटणं जागेवर कसं दिसतं हे बघायला.

भिंतीच्या अलीकडे

भोपाळ स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘कार्बाइड’ एवढंच सांगितलं की पुरतं. कारखाना शहराबाहेर नाही, शहराच्या आतच आहे. जे. पी. नगरच्या रस्त्याच्या एका अंगाला घरं आणि दुकानं, दुसऱ्या अंगाला आवाराची लांबलचक भिंत. भिंतीसमोर रूथ वॉटरमन या शिल्पकर्तीने घडवलेला मायलेकरांचा पुतळा आहे. भिंतीवर घोषणा रंगवलेल्या, त्यांवर पुन्हा नव्या घोषणा. आत जायला प्रशासनाची परवानगी लागते, पण भिंत जागोजागी इतकी खचली आहे की शेळ्यांना आणि पोरांना परवानगीची गरज पडत नाही. झाडोरा माजलेला, त्यातून गंजलेल्या लोखंडी सांगाड्याचं टोक वर आलेलं दिसतं.

या भिंतीच्या आत १९६९पासून काम चाललं. कार्बारिल हे कीटकनाशक इथे बनायचं, बाजारात ते ‘सेव्हिन’ नावाने विकलं जायचं. १९८४च्या डिसेंबरातली वायुगळतीची ती रात्र जगाला माहीत आहे. पण मातीचं दुखणं त्या रात्रीच्या आधीपासूनचं आहे. कारखाना चालू असताना उरलेली रसायनं, फसलेले घाणे, टाकाऊ द्रावकं आवारातच ठिकठिकाणी टाकली किंवा पुरली जात होती. १९७७च्या सुमारास उत्तरेला, आवाराबाहेर, मोठी तळी खोदली. कारखान्याचं सांडपाणी नळाने तिथे आणायचं, उन्हाने पाणी उडून जाईल आणि गाळ खाली राहील, अशी योजना होती. तळाशी प्लास्टिकचं अस्तर होतं. ते गळू लागल्याचं कंपनीच्या स्वतःच्या कागदपत्रांतच १९८२मध्ये नोंदलेलं आहे.

वायुकांडाची नुकसानभरपाई, खटले, पुतळे, दर वर्षीचा ३ डिसेंबर हे सगळं त्या एका रात्रीभोवती फिरतं. मातीतलं आणि पाण्यातलं प्रदूषण ही वेगळी घटना आहे, तिचे बळी वेगळे आहेत आणि ती अजून घडतेच आहे. ४० वर्षांत हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले गेले आणि दुसरा हिशेब कायम मागे पडला.

तळ्यांच्या काठावर

तळी होती त्या बाजूला अटल अय्यूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्या आहेत. शहरात जागा नाही म्हणून माणसं इथे आली. आली तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एका घरी मला ‘दीदी, बैठिए’ म्हणून ओसरीवर बसवलं. त्या घरातल्या बाईंनी लग्न होऊन आल्यापासूनची वर्षं हातपंपाच्या पाण्यावर काढली होती. त्या पाण्याला वास यायचा, कधी वर तेलकट तवंग दिसायचा, पण दुसरं पाणी नव्हतंच. पुढे सरकारी माणसं येऊन पंपाला लाल रंग फासून गेली. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका. आता नळाने पाणी येतं. पण एखाद्या दिवशी नळ कोरडा राहिला तर भांडी घासायला, कपडे धुवायला पुन्हा तोच पंप, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. हे त्यांनी मला नीट समजावं म्हणून सांगितलं.

नळाचं पाणीसुद्धा आपोआप आलेलं नाही. या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये दिला. तो अमलात यावा म्हणून बायकांनी मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. सुरुवातीला अशा वस्त्या १४ मोजल्या होत्या, मग २२ झाल्या, पुढे ४२. हा आकडा वाढतो, कारण भूजल एका जागी थांबत नाही. क्लोरीन असलेली काही द्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. भेगांतून, वाळूच्या थरांतून खाली उतरतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी पाण्यात सुटत राहतात. भोपाळची वरची माती आपल्या विदर्भासारखी काळी, चिकण. ओली असताना ती पाणी अडवते, हे खरं. पण उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ती अभेद्य आहे असं कुणी सांगू नये.

तळ्यांपैकी दोन तळ्यांमधला गाळ नव्वदच्या दशकात तिसऱ्यात लोटून वर माती टाकली गेली. आज तिथे उंचवटा आहे, गवत आहे, गुरं चरतात. शेजारच्या सपाटीवर पोरं क्रिकेट खेळत होती. वापरात नसलेली दूषित जमीन रिकामी राहते, असं आपण समजतो. गरीब शहरात कुठलीच जमीन रिकामी राहत नाही. सरकार तिचा पुनर्वापर ठरवत बसतं तोवर लोकांनी तो सुरू केलेला असतो.

३३७ टनांचा प्रवास

जो कचरा जळला तो काय होता, हे आधी सांगायला हवं. २००५मध्ये आवारात वरवर पडलेला, गोदामांतून सापडलेला माल गोळा करून गोण्यांत भरला आणि तिथल्याच एका शेडमध्ये रचून ठेवला. त्यात १६२ टन माती होती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट बनलेलं कीटकनाशक आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. या गोण्या जवळजवळ २० वर्षं तिथेच होत्या. त्या कुठे न्यायच्या, यावर सगळं अडलं होतं. गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, तिथल्या सरकारने नकार दिला. मग २०११मध्ये आपल्या नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचं नाव पुढे आलं. नागपूर खंडपीठात याचिका दाखल झाली, महाराष्ट्र सरकारनेही विरोध केला आणि तो बेत बारगळला. २०१२मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी संस्थेशी बोलणी झाली. सुमारे २५ कोटी रुपयांत माल विमानाने जर्मनीला न्यायचा होता. तिकडे लोकमत तापलं, काही झालं तर जबाबदारी कुणाची यावर एकमत झालं नाही आणि त्याच वर्षी जीआयझेडने अंग काढून घेतलं.

कोडाईकनालची थर्मामीटर फॅक्टरी आठवते. हिंदुस्तान लीव्हरचा तो कारखाना २००१मध्ये बंद झाला आणि पाऱ्याने माखलेला सुमारे २९० टन माल २००३मध्ये जहाजाने अमेरिकेला परत गेला. कंपनी अस्तित्वात होती, तिला नाव होतं, पत होती आणि ती हरवायची भीती होती. भोपाळच्या गोण्यांच्या मागे असं कुणीच उरलं नव्हतं.

शेवटी हालचाल झाली ती न्यायालयाच्या मुदतीने. जबलपूरच्या उच्च न्यायालयात २००४पासून चाललेल्या याचिकेत ३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश निघाला : चार आठवड्यांत कचरा हलवा. १ जानेवारीच्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून निघाले. बंदोबस्तात, रस्ता मोकळा करून, सुमारे २५० किलोमीटर. आत गोण्या भरणाऱ्या मजुरांना प्रत्येकी अर्ध्या तासाच्या पाळ्या होत्या. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला सकाळी कंटेनर पोचले आणि दुसऱ्याच दिवशी तिथे लोक रस्त्यावर आले. दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेऊन पेटवून घेण्याचा प्रयत्न केला.

मी पीथमपूरलाही गेले. भट्टीच्या कुंपणाला लागून तारपुरा गाव आहे. रस्त्यावर ट्रकांची रांग, दोन्ही बाजूंना वाहनउद्योगाचे कारखाने आणि मध्येच सोयाबीनची शेतं. तिथल्या एका शेतकऱ्याने मला विहिरीपाशी नेलं आणि मग एक साधा प्रश्न विचारला. भोपाळला जे नको होतं, ते इथे निर्धोक कसं झालं? मी त्यांना भट्टीचं तंत्र जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पहिल्या कक्षात कचरा जळतो, दुसऱ्या कक्षात धूर ११०० अंशांच्या वर तापवतात म्हणजे क्लोरीनयुक्त रसायनांचे तुकडे होतात, पुढे चुन्याने आम्ल मारतात, गाळण्यांतून हवा सोडतात. चाचणीत वेग हळूहळू वाढवला होता : आधी ताशी १३५ किलो, मग १८०, मग २७०. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या म्हणण्यानुसार धुरातले आकडे मर्यादेत होते.

पण भट्टीत पारा जळत नाही, शिसं जळत नाही. धातू राखेत उतरतात किंवा धुराबरोबर जाऊन गाळणीत अडकतात. शिवाय आम्ल मारायला चुना मिसळावा लागतो. त्यामुळे ३३७ टन कचऱ्याची राख ८०० टनांहून जास्त भरली. ही राख अस्तर घातलेल्या खड्ड्यात बंद करून कायमची सांभाळायची आहे. खड्डा कुठे, वस्तीपासून किती दूर, यावरून पुन्हा न्यायालय. शेतकऱ्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे की माल निर्धोक झाला नाही, त्याचं रूप बदललं आणि पत्ता बदलला.

किलोमागे ३,७०० रुपये

आता पैशांकडे येऊ. १२६ कोटी भागिले ३३७ टन म्हणजे किलोमागे ३,७०० रुपयांच्या वर. सगळा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून.

नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची ‘एनजीआरआय’ या संस्थांनी २०१०मध्ये भोपाळच्या आवाराचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजात दूषित माती ११ लाख टन निघाली. गोण्यांतल्या मालाच्या ३,२०० पटींहून जास्त. पीथमपूरच्या दराने ती जाळायची म्हटली तर हिशेब चार लाख कोटींवर जातो, म्हणजे तो विचारच सोडून द्यावा लागतो. १२६ कोटींचं हे काम म्हणूनच पुढच्या कामाचा नमुना होऊ शकत नाही. मातीसाठी वेगळ्या पद्धती लागतात. सर्वांत विषारी खड्डे तेवढे उकरून काढणं, काही माती तापवून रसायनं उडवून पकडणं, काही ठिकाणी सूक्ष्मजीवांकडून काम करून घेणं, भूजलाच्या वाटेत चिकणमातीची खोल भिंत घालणं, दूषित पाणी वर्षानुवर्षं उपसून शुद्ध करणं, आणि उरलेल्यावर पक्कं झाकण. कुठे काय वापरायचं हे ठरवायला आधी शेकडो ठिकाणी भोकं पाडून खोलीनुसार नमुने घ्यावे लागतात. हा मोजणीचा खर्च सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त खर्च आहे आणि नेमका तोच कुणी करायला तयार नसतं. मोजलं की जबाबदारी येते.

पैसे कंपनीने द्यावेत, हे तर उघड आहे. केंद्राच्या रसायन मंत्रालयाने २००५मध्ये उच्च न्यायालयाकडे मागणी केली होती की डाऊ केमिकलने सफाईसाठी १०० कोटी रुपये आधी जमा करावेत. डाऊने युनियन कार्बाइड २००१मध्ये विकत घेतली. आपण हा कारखाना कधी चालवला नाही, असं तिचं म्हणणं. कार्बाइडच्या भारतीय कंपनीतले समभाग १९९४मध्येच विकले गेले आणि तिचं नाव एव्हरेडी झालं. एव्हरेडीने १९९८मध्ये भाडेपट्टा सोडून जमीन मध्य प्रदेश सरकारला परत केली. म्हणजे आज विषाची मालकी कागदोपत्री राज्याकडे आहे. भोपाळच्या रहिवाशांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात मातीपाण्याच्या प्रदूषणाचे दावे लावले, तेही फेटाळले गेले. ज्या अमेरिकेत हे दावे टिकले नाहीत, तिथे १९८०पासून ‘सुपरफंड’ नावाचा कायदा आहे. सरकार आधी साफ करतं, मग प्रदूषकाच्या मागे लागून वसूल करतं. मालकच उरला नसेल तर फंडातून भागवतं. तो फंड तेल आणि रसायन कंपन्यांवरच्या करातून उभा राहिला. १९९५च्या अखेरीस कर संपला तेव्हा कामं मंदावली आणि भार सामान्य करदात्यावर आला. २०२१मध्ये रसायनांवरचा कर पुन्हा बसवला. निधीचा झरा कुठून येतो यावर सफाईचा वेग ठरतो, हे तिथल्या अनुभवाने दाखवलं आहे.

आपल्याकडे प्रदूषकाने पैसे द्यावेत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच राजस्थानातल्या बिछडी प्रकरणात ठासून मांडलं. उदयपूरजवळच्या त्या गावातल्या विहिरी एच-अ‍ॅसिडच्या कारखान्यांनी लाल-तपकिरी करून टाकल्या होत्या. कंपन्यांवर ३७ कोटींहून जास्त रक्कम बसवली गेली. ती वसूल करण्याची झुंज २०११मध्येही न्यायालयात चालूच होती. विहिरी तेवढी वर्षं तशाच. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला आणि मागे सव्वादोन लाख टनांच्या आसपास क्रोमियमयुक्त कचऱ्याचा ढीग ठेवून गेला.

या सगळ्यातून माझं मत एका बाजूला पक्कं झालं आहे. ‘कंपनीने द्यावं’ ही मागणी न्याय्य आहे, पण कंपनी देईपर्यंत माती तशीच राहू देणं हा अन्याय त्या बाईंवर होतो, ज्यांचा पंप लाल आहे. सरकारने आधी खर्च करावा आणि वसुलीचा दावा स्वतः चालवावा. भोपाळला हा क्रम ४० वर्षं उलटा राहिला.

नवे नियम

जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशाच्या पर्यावरण कायद्यात ही जागा रिकामी होती, ती आता भरली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरात अशी १०३ स्थळं नक्की केली होती, त्यांतल्या जेमतेम सात ठिकाणी काम सुरू झालं होतं. आता संशयित स्थळांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर, मग तज्ज्ञ संस्थेने आराखडा बनवायचा, मग दोषी कोण ते ठरवायचं. दोषी सापडला तर त्याच्याकडून वसुली. सापडला नाही किंवा देण्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य मिळून खर्च उचलणार.

हे पाऊल चांगलं आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण प्रत्यक्ष सफाई कधी पूर्ण व्हावी, याला नियमांत मुदत नाही. खाणी, किरणोत्सारी कचरा, समुद्रातलं तेल आणि शहरांच्या कचराभूमी यांना वेगळे कायदे आहेत म्हणून यातून वगळलं आहे.

आणि एक गोष्ट आराखड्याच्या आधीच ठरायला हवी : जमिनीचं पुढे काय करायचं. माती किती स्वच्छ करायची, हे तिच्या वापरावर अवलंबून असतं. गोदाम उभं राहणार असेल तर एक पातळी, घरं होणार असतील तर त्याहून कडक, अंगणात मुलं माती खेळणार असतील तर आणखी कडक. भोपाळच्या आवारात स्मारक करायचं, हे गेली २० वर्षं बोललं जातंय. स्मारकाला पक्कं झाकण चालतं, बागेला चालत नाही आणि भोवतालच्या वस्त्यांच्या पाण्याला दोन्हींचा उपयोग नाही. उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४च्या आदेशात गोण्या हलवण्याबरोबर अख्खं आवार साफ करण्याचंही म्हटलं होतं. गोण्यांना मुदत होती, फोटो होता, कंटेनर होते. मातीला यातलं काहीच नाही. स्मारकाचा दगड बसायच्या आधी तळ्यांच्या बाजूची मोजणी झाली नाही, तर पुढचा पैसा भिंतीच्या आतल्या सुशोभीकरणावर जाईल आणि अटल अय्यूब नगरच्या खालचं पाणी आहे तसंच राहील.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. केंद्रीय मंडळाच्या २००९च्या पाहणीत अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर होतं. जुने रासायनिक कारखाने बंद पडून त्यांच्या जागी घरांचे मनोरे उभे राहण्याचा काळ या गावांत सुरू झाला आहे. मातीचा नमुना बांधकामाच्या पायासाठी काढतात, त्यात किती भार पेलतो एवढंच बघतात.

नव्या नियमांप्रमाणे तुमच्या जिल्ह्यातल्या संशयित दूषित जागांची यादी करणं हे जिल्हा प्रशासनाचं काम आहे. ती यादी झाली आहे का, तुमच्या गावातला बंद कारखाना तिच्यात आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. माहितीच्या अधिकारात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे.